मागच्या सीटचा सूड

आयर्लंडमध्ये ऊन पाडायचं असेल तर पोरांना परीक्षेला बसवावं. इथल्या बारावीची, म्हणजे लीव्हिंग सर्टची परीक्षा जूनच्या सुरुवातीला असते, आणि वर्षभर तोंड लपवून बसलेला सूर्य नेमका त्याच आठवड्यात उगवतो. पोरं आत घामाघूम होऊन पेपर लिहितात आणि बाहेर अख्खा देश अर्ध्या चड्डीत गवत कापत असतो. आज सकाळी समोरच्या घरातली मुलगी पारदर्शक पिशवीत पेनं घेऊन रडवेल्या तोंडानं बसस्टॉपकडे निघाली, आणि मी खिडकीत उभा राहून आनंदानं हात चोळले. त्या पोरीबद्दल माझ्या मनात काही वाईट नाही. पण असं ऊन पडलं की मला माझे साडू आठवतात.

सूड हे मुळात उन्हाळी वाळवण आहे. कुरडया, सांडगे, पापड आणि सूड. कडकडीत ऊन लागलं तरच खुटखुटीत वाळतो आणि पुढं टिकतो. दमट हवेत त्याला बुरशी धरते आणि माणूस नाइलाजानं क्षमाशील होतो. ल्यूकनला राहायला आल्यापासून माझे कितीतरी चांगले सूड असे वाया गेले. ऑफिसात माझ्या नावाचा उच्चार दरवेळी नव्यानं करणारा मॅनेजर, गणपतीच्या जेवणात माझ्या मसालेभाताला ‘पुलाव छान झालाय’ म्हणणाऱ्या बाई, सगळ्यांना पावसानं वाचवलं. एकच सूड नीट वाळला, तो गेल्या वर्षीच्या जूनमध्ये. त्या वर्षी उन्हानं हद्द केली होती. गवत पिवळं पडलं, बागेला पाइपनं पाणी घालायला बंदी आली, आणि जन्मभर पावसाला शिव्या घालणारी माणसं दुकानाच्या रांगेत ‘फार होतंय बाबा आता’ म्हणू लागली.

अपमान मात्र त्याच्याही आदल्या उन्हाळ्यातला.

माझे साडू सुहासराव, म्हणजे माझ्या बायकोच्या, नीताच्या, थोरल्या बहिणीचे यजमान, गॉलवेला असतात. हृदयात घालायच्या बारीक नळ्या बनवणाऱ्या कंपनीत मोठे इंजिनीअर आहेत. त्यांच्याकडे एक जर्मन मोटारसायकल आहे, उंटासारखी उंच आणि उंटासारखंच नाक वर करून उभी राहणारी. त्यांच्या जॅकेटला इतके खिसे आहेत की रुमाल शोधताना ते स्वतःचीच झडती घेतात. आणि त्यांचं प्रत्येक वाक्य ‘बेसिकली’नं सुरू होतं. ‘बेसिकली, भूक लागलीय’ असं म्हणणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

आम्ही चौघं क्लिफ्डनला निघालो होतो. कॉनेमाराच्या डोंगरांतून, तळ्यांच्या कडेकडेनं जाणारा तो रस्ता. सुहासराव म्हणाले, “नीता, तू चल माझ्या मागे. तुला कॉनेमारा दाखवतो. मिलिंदराव, तुम्ही आणि ही, गाडीतून या. डबे घेऊन.”

ताई चटकन गाडीत येऊन बसल्या. धाकट्या बहिणीसाठी किती हा त्याग, असं मला वाटलं. मी त्यागाला शेजारी आणि दहीभाताला मागे घेऊन निघालो.

आम्ही पोचलो तेव्हा ते दोघं येऊन चांगला अर्धा तास झाला होता. बंदराच्या कठड्यावर नीता बसली होती. हेल्मेट मांडीत, केस सैरावैरा, आणि हसत होती. इतकी हसत होती की डोळ्यांतून पाणी वाहत होतं, बोलताही येत नव्हतं. आमच्या लग्नाला अठरा वर्षं झाली होती. माझ्या कुठल्याही वाहनातून उतरताना तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. उतरताना ती सहसा ‘हँडब्रेक लावलास का?’ एवढंच म्हणते.

सुहासरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “बेसिकली मिलिंदराव, मागे बाईमाणूस बसवणं ही कला आहे. सगळ्यांना नाही जमत. तुम्ही आपली गाडी बरी. डबे सांडले नाहीत ना?”

दही सांडलं होतं. माणसाला नेमकं काय लागतं ते सांगता येत नाही.

घरी परतताना अॅथलोनच्या पुढं कुठंतरी मी जाहीर केलं, “मी मोटारसायकल घेणार.”

“घे. मी बसणार नाही.”

“त्यांच्या मागे बसलीस ती?”

“म्हणूनच,” नीता म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

त्या ‘म्हणूनच’नं माझं वर्ष खाल्लं. ज्यानं एकदा हापूस खाल्ला त्याला रायवळ कशाला द्यावा, असा अर्थ मी काढला. मला फार काही नको होतं. नीतानं माझ्या मागे बसावं, आम्ही त्याच रस्त्यानं क्लिफ्डनला जावं, आणि ती हसत उतरताना सुहासरावांनी डोळ्यांनी बघावं. बास.

पुण्यात मी कॉलेजपासून दोन चाकांवरच होतो, पण पुण्याचं लायसन इथं कुणी विचारत नाही. त्यामुळं सेहेचाळिसाव्या वर्षी पिवळं जाकीट घालून, पाठीवर मोठा ‘एल’ मिरवत मी शिकाऊ झालो. शिकवणारी ओर्ला नावाची बाई माझ्या पायांकडे बघतच राहिली. “मिलिंद, तू गाडी चालवतोयस की नाव वल्हवतोयस?” कारण वेग कमी झाला की माझे दोन्ही पाय आपोआप खाली येऊन रस्ता घासू लागत. लक्ष्मी रोडवर त्याला कौशल्य म्हणतात. इथं त्याला नापास म्हणतात. तसा मी झालोही, एकदा.

त्यात शिकाऊ माणसाला मागे कुणाला बसवायला कायद्यानं बंदी. नीतानं तो नियम मोठ्यानं वाचून दाखवला. “बघ, सरकारचंही माझ्यासारखंच मत आहे.”

मधल्या काळात सुहासरावांचे फोन सुरू झाले. मी गाडी शोधतोय हे त्यांना ताईंकडून कळलं होतं. “बेसिकली, फार जुनी घेऊ नका. घ्यायचीच तर इंजिन थंडगार असताना बघा, आधीच तापवून ठेवलं असेल तर काहीतरी लपवतायत. टायरवर नक्षी शिल्लक असली तरी वय बघा, रबर म्हातारं होतं. आणि सगळ्यात आधी नीताला मागच्या सीटवर बसवून बघा.”

सल्ला उत्तम होता, हे मला आज कळतं. तेव्हा फक्त तो कुणाचा आहे एवढंच कळत होतं. म्हणून मी ठरवून सगळं उलटं केलं.

जुनी मोटारसायकल बघायला जाणं हा कांदेपोह्यांचाच कार्यक्रम असतो. ‘एकाच हातची’, ‘जपून वापरलेली’, ‘घरात दुसरी आल्यामुळे’ अशा जाहिराती, आणि फोटो नेहमी उजव्या बाजूनं काढलेला, कारण डावीकडे पोचा. किल्डेअरला एकाच्या दारात पोचलो तर इंजिन गरम लागलं. पाहुणे येणार म्हणून कुणी चहाचं आधण ठेवावं, तसं मला ते अगत्य वाटलं. ती गाडी पहिल्या चौकात बंद पडली आणि मालकानं आणि मी ती ढकलत परत आणली. तेवढ्या वेळात त्यानं मला त्याच्या घटस्फोटाची सगळी हकीकत सांगितली. मेनूथला एक लालभडक गाडी होती. हिच्यावर माझा जीव जडला. चेहरा असा की उभ्या जागी शिवी देतेय. मागची सीट मात्र विळीच्या पात्यासारखी, आणि पाय ठेवायच्या दांड्या इतक्या वर की मी स्वतः मागे बसून पाहिलं तेव्हा गुडघे कानाला लागले. मालक म्हणाला, “बायको लहानखुरी आहे ना? मग ग्रँड होईल!” मला ते पटलं. बसणारी व्यक्ती एकदाही बरोबर न नेता मी तिच्यासाठी सीट पसंत करत फिरत होतो. आपल्याकडे मुलगी बघायला नवऱ्यामुलाचा काका जातो, तसा मी माझाच काका झालो होतो.

लाल गाडी घ्यायचं जवळजवळ ठरलं. तोवर परीक्षाही पास झालो होतो. अडचण एकच, मागे वजन असताना चालवायची सवय मोडली होती, आणि वजन तर बसायला तयार नव्हतं. म्हणून मी तांदळाचा आधार घेतला.

इंडियन दुकानातून वीस-वीस किलोची कोलमची दोन पोती आणली. सरावाच्या भाड्याच्या गाडीवर ती लोखंडी आकड्यांच्या रबरी पट्ट्यांनी उभी बांधली, आणि नीताचं वजन विचारायची हिंमत नसल्यामुळं अंदाजानं वर कणकेची एक पिशवी चढवली. लांबून कुणी जाडसर बाई मला बिलगून बसलीय असं दिसत असावं. पहिलं वळण झकास गेलं. दुसरंही. ल्यूकनच्या मोठ्या राउंडअबाउटवर मात्र आकड्याच्या टोकानं पोत्याचं पोट फाडलं, आणि मला पत्ताच नाही. मी प्रेमानं, सावकाश, तीन चकरा मारल्या, गोल तांदळाची रांगोळी घालत. समुद्रपक्ष्यांना आयर्लंडमध्ये निरोप कोण पोचवतं देव जाणे. चौथ्या चकरेला रस्त्यावर रस्ता कमी आणि पांढरे पक्षी जास्त होते.

गार्डा, म्हणजे इथला पोलीस, आला. त्यानं आधी तांदूळ पाहिला, मग मला, मग रिकामं लोंबणारं पोतं. “लग्न होतं का?” त्यानं अगदी सभ्यपणे विचारलं.

“झालंय,” मी म्हणालो. “अठरा वर्षांपूर्वी.”

त्यानं झाडू आणून दिला. मी झाडत असताना आमच्या वसाहतीतल्या निम्म्या मराठी गाड्या हळू होऊन गेल्या. घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. नीता दारातच उभी.

“दोन पोती आणि वर कणीक? एवढी वाटते मी तुला?”

“अगं, अंदाजानं...”

“पुढची गाडी बघायला मी येणार. तांदूळ परवडत नाही आता.”

पुढची गाडी नावनला होती. मी ती यादीत ठेवली होती ती केवळ नाकारायला. विशेक वर्षांची जपानी, सहा सिलिंडरची, म्हशीएवढ्या वजनाची. रंग चहात बुडवलेल्या बिस्किटाचा. तिला चक्क उलटं जायचा गिअर होता आणि कॅसेट प्लेअर होता. त्यात इथल्या गावाकडच्या गाण्यांची एक टेप कायमची अडकलेली. बटण कुठलंही दाबा, तोच एक बाप्या त्याच एका डोंगरापलीकडच्या पोरीसाठी हळूहळू झुरत असे. मालक निवृत्त बसड्रायव्हर. बायकोचे गुडघे गेले म्हणून विकत होता. ती, मोरीन, मागच्या दारात काठी टेकून उभी होती आणि गाडीकडे अशी बघत होती की मला उगाच चोरी करायला आल्यासारखं वाटलं.

“चढ की वर, पोरी,” ती नीताला म्हणाली.

नीता चढली. मागच्या सीटला पाठ होती, हात ठेवायला दोन्हीकडे हात होते. बाजूच्या पेट्यांच्या मधोमध ती अशी मावली जशी देव्हाऱ्यात मूर्ती.  मग तिनं निकाल दिला. “यावर बसून मेथी निवडता येईल.”

“पण ती लाल...”

“तू लाल घे. मी हिच्यावर बसणार. चालवायला कुणीतरी मिळेल.”

मी मुकाट्यानं खाली बसून टायर बघू लागलो. सुहासरावांनी सांगितलेलं सगळं, एकेक करून, हळूच, कुणी बघत नाही असं पाहून. इंजिनावर हात ठेवला. थंडगार. आणि तेव्हा गाडीपलीकडून मोरीनचा आवाज आला. “आधी कधी बसलीयस का मागे?”

“एकदाच,” नीता इंग्रजीत म्हणाली. “गॉलवे ते क्लिफ्डन. बहिणीच्या नवऱ्याबरोबर. मी वाटेत प्रार्थना सुरू केली होती, पण भीतीनं मधलंच विसरले. मग पाढे म्हटले. पंचविसापर्यंत. डोळे उघडलेच नाहीत. उतरले तेव्हा पाय होते की नाही कळत नव्हतं, आणि जिवंत आहे म्हणून हसूच थांबेना. वेडीसारखी हसत बसले.”

“नवऱ्याला सांगितलंस?”

“त्याला कसं सांगणार? तो भांडायला जाईल. मग ताईला वाईट वाटेल.”

मी टायरपाशी बसून होतो. ज्या हसण्यावर मी वर्षभर जळलो, ज्याच्यापायी वल्हवलो, नापास झालो, समुद्रपक्ष्यांना कोलम खाऊ घातला, ते हसणंच नव्हतं. आतापर्यंतचा माझा सूड हा छंद होता. आता ते कर्तव्य झालं. माझ्या बायकोला पंचविसाचा पाढा म्हणायला लावणाऱ्या माणसाला मी सोडणार होतो?

“एक शब्द बोलायचा नाही जिजूंना,” परतीच्या वाटेवर नीतानं बजावलं. मी ऐकलंय हे तिला माझ्या कानशिलांवरून कळलं होतं. “शप्पथ आहे.”

आता शब्दाशिवाय सूड कसा घेतात? आमच्या घराण्यात तशी परंपरा नाही. आम्ही बोलूनच वाटोळं करणारी माणसं.

तर तो गेल्या वर्षीचा जून. बिस्किटी म्हैस घेऊन आम्ही गॉलवेला निघालो तेव्हा रस्त्याकडेला कापलेल्या गवताचा गोड, आंबूस वास भरून राहिला होता. हेल्मेटमधून असले वास आत येतात आणि तिथंच मुक्काम करतात. शेणाचा, तापलेल्या डांबराचा, कुंपणावरच्या कुठल्यातरी पांढऱ्या फुलांचा. नीता मागे बसून अधूनमधून माझ्या डोळ्यांसमोर बोट आणून काही दाखवी. घोडा. पडका किल्ला. एकदा नुसतंच आभाळ. तिनं माझ्या खांद्यावरून मला बाकरवडीही भरवायचा प्रयत्न केला, ती हेल्मेटच्या काचेला लागून फुटली. मी आयुष्यात इतका सुखी क्वचित झालो असेन, आणि मधूनमधून आठवून पुन्हा चिडत होतो, कारण चिडणं आवश्यक होतं.

सुहासरावांनी गाडीला प्रदक्षिणा घातली. “बेसिकली, हा सोफा आहे.”

मी शपथ पाळली.

“याच्यावर चहा मिळतो का?”

मी दात आवळून शपथ पाळली.

क्लिफ्डनला ते आणि ताई कधीच पुढं निघून गेले. आम्ही तळ्यांपाशी थांबत, मेंढ्यांना वाट देत पोचलो. बंदरावर नीता उतरली, हेल्मेट काढलं आणि म्हणाली, “आलो पण?” गाल उन्हानं लाल, चेहरा शांत, ओठांवर खरंखुरं हसू. ज्यासाठी केला होता अट्टाहास, तो क्षण. मी विजयी मुद्रेनं सुहासरावांकडे वळलो. ते पाठमोरे उभे राहून आइस्क्रीमच्या गाडीवर वाद घालत होते. त्यांनी काही म्हणजे काही पाहिलं नाही.

सुडाचं हे असं असतं. समोरच्याचं लक्ष नसलं तर तो नुसताच आपला छान गेलेला दिवस होतो.

मी हात लटकवून उभा होतो तेवढ्यात ताई शेजारी आल्या. त्यांनी अजून हातमोजे काढले नव्हते. काढता येत नव्हते, बोटं वळलेली तशीच आखडली होती.

“मिलिंद,” त्या हळूच म्हणाल्या, “येताना मी तुमच्या मागे बसू का?”

“माझ्या?”

“सात वर्षं झाली गॉलवेत. कुणी पाहुणे आले की मीच सांगते, कॉनेमारा बघून या, स्वर्ग आहे. मी बघितलेलंच नाही हो. तुमच्या गाडीतून आले तेव्हा नीताच्या काळजीनं काही दिसलं नाही, आणि यांच्या मागे डोळे मिटून बसते ती गॉलवे आलं की उघडते.”

नीता पलीकडेच उभी होती. तिनं ऐकलं. माझ्याकडे एकदा बघितलं, मग ताईंच्या मोज्यांकडे. हेल्मेट पुन्हा डोक्यात घातलं आणि सरळ त्या जर्मन उंटाशी जाऊन उभी राहिली. परत कधीच बसायचं नाही असं ठरवलं होतं तिनं त्याच्यावर.

“जिजू, मी तुमच्या मागे येतेय. ताईला कॉनेमारा बघायचाय. मिलिंदच्या पुढं जायचं नाही.”

“अगं, पण तो सोफा...”

“गेलात तर मी असेन तिथं उतरून चालायला लागेन. मग आईला काय सांगायचं ते तुम्ही सांगा.”

“नीता, बेसिकली...”

“बेसिकली, पन्नास.”

ताई देव्हाऱ्यात बसल्या. मी निघालो. क्लिफ्डन सुटलं आणि मागून आवाज येऊ लागले. “अय्या, तळं! अजून एक! हे सगळं इथंच होतं?” डाव्या हाताला डोंगर उघडत गेले, निळे, मग जांभळे, पायथ्याला पिवळी पडलेली दलदल आणि तिच्यावर पांढऱ्या कापसाची फुलं. “थांबा थांबा, तो बघा! नाही, थांबू नका, चालवा!” आरशात, माझ्या मागे, सुहासराव. शंभराच्या रस्त्यावर पन्नासनं. उंट बिचारा हुंदके देत होता. आणि त्यांच्या खांद्यामागून नीताचं हेल्मेट, ताठ, समोर माझ्यावर नजर रोखलेलं. पाढे म्हणत नसावी.

रिसेस नावाच्या गावापुढं ताईंचं बोलणं थांबलं. मला वाटलं, भारावल्या असतील. मग त्यांचं हेल्मेट माझ्या पाठीवर टेकलं. थोडं उचललं. पुन्हा टेकलं. ऊन, ती मऊ सीट, दोन्हीकडचे हात आणि डोंगरापलीकडच्या पोरीसाठी झुरणारा तो बाप्या. ताईंना झोप लागली होती. सात वर्षांनी डोळे उघडून बघायला निघालेली बाई ऐन डोंगरापाशी गाढ झोपली.

उठवावं? पण आखडलेली ती बोटं आता माझ्या कमरेशी सैल पडली होती. झोपलेलं माणूस मागे घेऊन पन्नासनं जाणं बरं नव्हे, म्हणून मी चाळिसावर आलो. मागे सुहासरावही चाळिसावर आले. त्यांच्या मागे मोटारींची लांबलचक रांग लागली. एक कुटुंब, एक मेंढ्यांचा ट्रेलर, एक फ्रेंच पाटीची झोपडीगाडी, म्हणजे कॅम्परव्हॅन. आयरिश माणूस रांगेत मरेल पण बोलणार नाही. झोपडीगाडीला मात्र राहवलं नाही. तिनं हॉर्न दिला. लांब, संतापलेला, डोंगरावर जाऊन परत येणारा हॉर्न.

तो सुहासरावांना होता. मागून बघणाऱ्याला सगळा दोष त्यांचाच दिसत होता. आरशात त्यांचे खांदे कानापर्यंत गेले.

ताई चाळवल्या. “पोचलो का हो मिलिंद?”

“नाही ताई, वेळ आहे. झोपा तुम्ही,” मी म्हणालो, आणि वेग आणखी थोडा कमी केला.